ऑफिसला परत बोलावलंय, आता घरचं कोण बघणार?

२०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत अमेरिकेत सरकारी नोकरी करणाऱ्या आपल्या मराठी लोकांचे मला सल्ल्यासाठी जेवढे फोन आले तेवढे आधी कधीच आले नव्हते. प्रश्न साधारण एकच. पाच वर्षं घरून काम केलं, आता रोज या म्हणतायत, जमेल का मला, की सोडून देऊ नोकरी? ऐकताना हा प्रश्न प्रवासाचा वाटतो, म्हणजे ट्रेन, पार्किंग, किती वाजता उठायचं वगैरे, पण मी जेवढ्या लोकांशी बोलले त्यातल्या बऱ्याच जणांचं खरं दुखणं दुसरीकडेच होतं. एका ताईंची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतलीये आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

ताई पन्नाशीच्या आसपासच्या, वॉशिंग्टनमधल्या एका फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, खात्यात अ‍ॅनालिस्ट. मार्च २०२० पासून घरूनच काम. सासऱ्यांना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) सुरू झाला आणि ते एकटे राहू शकेनात, तेव्हा खालच्या मजल्यावर बेडरूम असलेलं घर बघून २०२१ मध्ये हे सगळे मेरीलँडमध्ये फ्रेडरिकला राहायला गेले, ऑफिसपासून जवळजवळ ५० मैल लांब. नवरा एका मोठ्या प्रायव्हेट कंपनीत, त्याचं ऑफिस घरापासून वीस मिनिटांवर. ही वीस मिनिटं लक्षात ठेवा.

२० जानेवारी २०२५ ला ट्रम्प यांनी शपथ घेतली त्याच दिवशी आदेश काढला, की सगळ्या खात्यांनी रिमोट कामाची सोय बंद करून लोकांना पूर्णवेळ ऑफिसला बोलवावं. २८ तारखेला सगळ्या कर्मचाऱ्यांना एक मेल आला, आत्ता राजीनामा दिलात तर ३० सप्टेंबरपर्यंत पगार मिळेल आणि तोवर ऑफिसला यायची सक्ती नाही. उत्तर द्यायला ६ फेब्रुवारीपर्यंतची मुदत. पुढे कोर्टामुळे ती थोडी लांबली आणि १२ तारखेला ऑफर बंद झाली, सुमारे ७५ हजार लोकांनी ती घेतली. पण ताई माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या तेव्हा त्यांच्यासमोर ६ तारीखच होती, हातात चार दिवस.

मी सुरुवातीला चूक केली. चारच दिवस आहेत म्हणून मी थेट प्लॅनिंगवर गेले, ट्रेन कुठली, खर्च किती, पेन्शनचं काय, आणि ताई हो हो म्हणत होत्या पण हळूहळू गप्प होत गेल्या. शेवटी मी थांबले आणि विचारलं, तुम्हाला सगळ्यात जास्त काय लागलंय? तर म्हणाल्या, "मॅडम, टीव्हीवर सांगतात की हे लोक घरी बसून काम करत नाहीत. आणि मला वाटतं की ते माझ्याबद्दल खरंच बोलतायत."

मग हळूहळू बाहेर आलं. टेलिवर्कच्या, म्हणजे घरून कामाच्या, नियमात स्पष्ट असतं की ड्युटीच्या वेळात घरच्या माणसांची देखभाल करण्यासाठी ही सोय नाही. ताईंनी त्यावर सही केलेली. आणि रोज अकरा वाजता त्या सासऱ्यांना गोळी द्यायला उठायच्या, दार वाजलं की ते बाहेर तर निघाले नाहीत ना बघायला जायच्या. इतकी वर्षं स्वतःला चोर समजत होत्या, हे नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, आपण अंदाजावर नको बोलूया. दोन दिवस फक्त लिहून ठेवा, किती वाजता उठलात, किती मिनिटं, लॉगइन कधी, लॉगआउट कधी. त्यांनी अ‍ॅनालिस्टसारखंच लिहिलं. गोळी चार मिनिटं, बाथरूमपर्यंत नेणं सात मिनिटं, जेवण त्यांच्या स्वतःच्या लंच ब्रेकमध्ये. एका दिवशी एकूण ३५ मिनिटं, दुसऱ्या दिवशी ४०. आणि त्याच दोन दिवसांत सकाळी साडेसहाला लॉगइन आणि रात्री परत तासभर फायली, ज्याचे पैसे कोणी देत नव्हतं. कागद स्क्रीनसमोर धरला आणि रडल्या. मला इथे एक स्पष्ट सांगायचंय, असे आरोप ऐकून ज्यांची झोप उडते ती बहुतेक काम करणारीच माणसं असतात, ज्याला काही पडलेलीच नाही तो माझ्याकडे येत नाही.

या वादाला दुसरी बाजू नाही असं मी म्हणत नाही. २०२३ मध्ये सरकारच्याच ऑडिट संस्थेने, जीएओने, सांगितलं होतं की २४ पैकी १७ मोठ्या खात्यांची मुख्यालयं अंदाजे २५ टक्के किंवा त्याहून कमी क्षमतेने वापरली जातायत, आणि रिकाम्या इमारतींचा खर्च जनतेच्याच खिशातून जातो. ताई स्वतःच म्हणाल्या की टीममध्ये दोन वर्षांपूर्वी आलेल्या मुलीला त्या एकदाही प्रत्यक्ष भेटलेल्या नाहीत आणि ती शिकायला कुठेतरी कमी पडतेय हे त्यांना दिसतं. पण "सगळेच घरी बसलेत" हे खोटंय. ऑगस्ट २०२४ च्या सरकारी अहवालात निम्म्याहून जास्त, ५४ टक्के कर्मचारी पूर्णवेळ प्रत्यक्ष जागेवर जाऊनच काम करत होते आणि पूर्ण रिमोट होते ते साधारण १० टक्के. म्हणजे वाद होता तो निम्म्याहून कमी लोकांचा, आणि टोमणे मात्र सगळ्यांना.

आता नवरा. तो म्हणत होता, घेऊन टाक ना ऑफर, सप्टेंबरपर्यंत पगार मिळतोय आणि बाबांचंही होईल. तो वाईट माणूस नाही, मनापासून सोपा मार्ग सुचवत होता. पण ताईंना त्यात ऐकू येत होतं की तुझी नोकरी काय, गेली तरी चालेल. मी दोघांना एकत्र घेतलं आणि तो लिहिलेला कागद मध्ये ठेवला. त्याने वाचला आणि म्हणाला, "हे रोज असतं?"

मग सुट्ट्यांचा विषय निघाला. एफएमएलए म्हणून १९९३ चा कायदा आहे, घरच्या गंभीर आजारासाठी वर्षाला १२ आठवडे बिनपगारी रजा मिळते, नोकरी शाबूत राहते, आणि डॉक्टरांनी तशी गरज लिहून दिली तर तुकड्यातुकड्याने, अगदी काही तासांचीसुद्धा घेता येते. ताईंनी आधीच शोधून ठेवलं होतं की त्यांना ती मिळत नाही, कारण या कायद्यात आईवडील येतात, सासूसासरे येत नाहीत. मी नवऱ्याकडे बघितलं. म्हटलं, तुम्हाला मिळते. कंपनी मोठी आहे, तुम्ही तिथे वर्षापेक्षा जास्त आहात, आणि वडील तुमचे आहेत. तो बराच वेळ काहीच बोलला नाही. चार वर्षांत एकदाही त्याच्या एचआरला विचारायचं त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं, कारण घरात लॅपटॉप उघडून बसलेलं कोणीतरी होतंच ना. वीस मिनिटांवर ऑफिस असलेला माणूस.

म्हणून मी आता प्रत्येकाला आधी हे विचारते की तुमच्या घरून काम करण्यावर घरातली कोणकोणती माणसं टेकून उभी आहेत, आणि त्यांना हे माहितीये का? नोकरीचा निर्णय त्यानंतर. आणि रागाच्या भरात तर नकोच, मग तो राग सरकारवरचा असो नाहीतर नवऱ्यावरचा. जाता जाता दोन गोष्टी: आजार तुमचा स्वतःचा असेल तर अपंगत्वाबद्दलच्या १९७३ च्या रिहॅबिलिटेशन अ‍ॅक्टखाली सवलत मागता येते, त्यात टेलिवर्कही मागू शकता, लेखी मागा. आणि फेडरल कर्मचाऱ्याला साठलेली सिक लीव्ह सासूसासऱ्यांच्या गंभीर आजारासाठीही वापरता येते, वर्षाला जास्तीत जास्त ४८० तास.

ताईंनी ऑफर घेतली नाही. सासऱ्यांना आठवड्यातून तीन दिवस अ‍ॅडल्ट डे केअरला, म्हणजे दिवसा वृद्धांना सांभाळणाऱ्या केंद्रात, ठेवायला लागले, पहिले पंधरा दिवस फार वाईट गेले, ते दारातच अडून बसायचे. उरलेले दोन दिवस नवऱ्याने रजेच्या तुकड्यांत आणि शिफ्ट सरकवून वाटून घेतले. ताई पहाटेच्या ट्रेनने जातात, दमतात, आदेशावरचा राग अजून आहे आणि मी तो घालवायचा प्रयत्नही केला नाही.

जूनमध्ये नवऱ्याचा फोन आला, पहिल्यांदाच एकट्याचा. बाबा अकराची गोळी थुंकून टाकतात, काय करू म्हणून. मी म्हटलं, डॉक्टरांना विचारा, आणि ताईंना विचारा, त्यांनी चार वर्षं दिलीये. म्हणाला, "तिला विचारलं, ती ट्रेनमध्ये आहे, म्हणाली आधी त्यांच्याशेजारी पाच मिनिटं नुसता बसून राहा."