वैद्यकीय इंग्रजी शब्द पाठ करण्याऐवजी त्यांची ग्रीक-लॅटिन मुळं शिकली तर चालेल का?

नर्सिंगच्या पहिल्याच वर्षी शब्दांचा ढीग समोर आलाय आणि एकेका अवयवाला दोन-दोन नावं का, असं तुम्ही विचारलंय. मी वैद्यकीय मजकुराची भाषांतरं करतो, त्यामुळे हे शब्द रोजचेच. मुळं जरूर शिका, फक्त त्यांचा उपयोग सगळीकडे सारखा होत नाही.

मूत्रपिंडाचं 'रीनल' लॅटिन, 'नेफ्रायटिस'मधलं (मूत्रपिंडाचा दाह) नेफ्रॉस ग्रीक. फुफ्फुसाचंही तेच : 'पल्मोनरी' लॅटिन, 'न्यूमोनिया' ग्रीक. प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसपासून रोगांवरचं लिखाण ग्रीकमध्ये होत आलं; रोममध्ये राहणारा वैद्य गेलनसुद्धा ग्रीकमध्येच लिहायचा. पुढे युरोपात शरीररचनेचे ग्रंथ लॅटिनमध्ये आले, १५४३ सालचा व्हेसालियसचा ग्रंथही. त्यामुळे ढोबळमानाने शरीराच्या भागाचं नाव लॅटिन आणि त्याचा आजार किंवा शस्त्रक्रिया ग्रीक. 'हायपरटेन्शन' मात्र अर्धा ग्रीक, अर्धा लॅटिन!

शब्द शेवटाकडून सोडवायची सवय लावा. 'हायपोग्लायसेमिया' : एमिया म्हणजे रक्तात, ग्लायक म्हणजे गोड, हायपो म्हणजे कमी. झालं, रक्तातली साखर कमी. शस्त्रक्रियांचे शेपटीचे तुकडे तर आधी पक्के करा. टॉमी म्हणजे चीर देणं, एक्टॉमी म्हणजे कापून काढून टाकणं, ऑस्टॉमी म्हणजे तोंड करून ठेवणं. 'कोलेक्टॉमी'त मोठं आतडं किंवा त्याचा भाग काढलेला असतो. 'कोलॉस्टॉमी'त आतड्याचं तोंड पोटावर आणलेलं असतं, म्हणजे पिशवी आली, भोवतीच्या त्वचेची काळजी आली. ऐकायला दोन्ही शब्द जवळपास सारखेच, पण तुमचं काम बदलतं.

सारखे दिसणारे तुकडे घोटाळा करतात. 'पीडियाट्रिक्स'मधलं मूल ग्रीक, 'पेडल पल्स'मधलं पाऊल लॅटिन. 'मायलो' हाडातली मज्जाही असते आणि मज्जारज्जूही : ऑस्टिओमायलायटिसमध्ये पहिली, पोलिओमायलायटिसमध्ये दुसरा. इथे सरळ पाठांतर करा.

आणि मुळावरून वैद्यकशास्त्र शिकायला जाऊ नका. मेलेल्या शरीरात धमन्या, म्हणजे आर्टरी, रिकाम्या दिसत, म्हणून त्यांतून हवा वाहते असं बऱ्याच ग्रीक वैद्यांना वाटायचं. श्वासनलिकेलाही ते आर्टरीच म्हणत, फक्त 'खरखरीत आर्टरी'. त्यातला 'खरखरीत' तेवढा 'ट्रेकिया' म्हणून उरला. 'हिस्टेरिया'त गर्भाशय आहे, कारण बायकांच्या त्या त्रासाचं खापर गर्भाशयावर फोडलं जायचं. ते निदान कधीच मोडीत निघालं. 'हिस्टरेक्टॉमी' हा शब्द मात्र आजही अगदी चोख आहे.

औषधांच्या नावांना ही युक्ती फारशी लागू पडत नाही. अ‍ॅटेनोलॉल, प्रोप्रानोलॉल यांतलं 'ओलॉल' ग्रीकही नाही, लॅटिनही नाही. एका गटातली औषधं ओळखू यावीत म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या नामकरणात ठरवून दिलेलं ते शेपूट आहे. बीटा ब्लॉकर या गटाचं 'ओलॉल', एसीई इनहिबिटर या रक्तदाबावरच्या औषधांच्या गटाचं 'प्रिल', अशी त्यांची वेगळी वही करा.