सॅबटन बँडचं 'ख्रिसमस ट्रूस' हे गाणं पहिल्यांदा ऐकून काय वाटलं?

अंगावर काटा आला, खरंच. मालवणच्या धक्क्यावर बसलो होतो, मावसभावाने हेडफोन कानात घातला नि म्हणाला आता मधे बोलू नको. आधी पियानो, मग ड्रम्स गिटार असे चढत जातात की बस्स. बँड स्वीडनचा, गाणं २०२१ चं, पण गोष्ट खरी घडलेली, पहिल्या महायुद्धातल्या नाताळच्या युद्धबंदीची (ट्रूस म्हणजे तेच), डिसेंबर १९१४, पश्चिम आघाडीवर बऱ्याच ठिकाणी ब्रिटिश नि जर्मन सैनिक खंदकातून वर आले, कॅरोल म्हटली, सिगारेटी वाटल्या, आणि मधल्या जागेत पडलेली आपापली माणसं पुरली. मला हे पुरणंच सगळ्यात जास्त लागलं. वरिष्ठांनी नंतर असलं परत होऊ नये म्हणून सक्त ऑर्डर काढल्या! लिरिक्स समोर ठेवून फुल आवाजात ऐका.