मॅडम, ध्यानाला बसलं की धडधड वाढते

"अ‍ॅप लावून डोळे मिटले की शांत वाटायच्या ऐवजी छातीच धडधडायला लागते. माझ्यातच काही बिघडलंय का?" परीक्षा जवळ आल्या की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. विचारणारे बहुतेक सगळे मनापासून, नेमाने ध्यान करणारे असतात.

त्यातलीच ही एक, पदव्युत्तरच्या दुसऱ्या वर्षाची. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) रोज रात्री 20 मिनिटं, सलग 41 दिवस. बेचाळिसाव्या दिवशी पुस्तकावरच डोळा लागला आणि सकाळी अ‍ॅपवर सलग दिवसांचा आकडा शून्य. "एवढंसुद्धा जमत नाही मला," म्हणाली आणि रडायलाच लागली.

मी म्हटलं, "रोज बसतेस तशी बस बघू माझ्यासमोर."

अ‍ॅपमधला आवाज म्हणाला, श्वासाकडे लक्ष द्या. हिने खांदे पार कानापर्यंत नेत श्वास ओढला. मग दुसरा, तिसरा. दुसऱ्याच मिनिटाला एक डोळा किलकिला झाला आणि मनगटावरच्या घड्याळाकडे गेला. ठोके 94. डोळा मिटला, परत उघडला. 101. "बघितलंत? वाढतायत! आणि बोटांना मुंग्यापण येतायत."

मुंग्यांचं कारण साधं होतं. भराभर मोठे श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो; मग बोटं झिणझिणतात, डोकं हलकं होतं आणि घाबरलेल्या माणसाला वाटतं, आता काहीतरी होणार. त्यात चिंतेने ग्रासलेल्याचं लक्ष आधीच शरीराला चिकटलेलं असतं. त्याला डोळे मिटून आतच बघायला लावलं, तर एकेक ठोका ढोलासारखा ऐकू येणार. शिथिल व्हायला बसल्यावरच काहींची भीती वाढते, हे मानसशास्त्राला बऱ्याच वर्षांपासून माहीत आहे. त्यात बिघाड वगैरे काही नाही.

तरी धडधड म्हटल्यावर एकदा डॉक्टरांकडे पाठवलंच. रक्त कमी असलं किंवा थायरॉइड ग्रंथी जास्त काम करत असली तरी असंच होतं. झोपेचं विचारलं, जीव नकोसा वाटतो का हेही सरळ विचारलं. तिथे 'हो' आलं असतं तर अ‍ॅपची चर्चा तिथेच थांबली असती. रिपोर्ट चांगले आले.

"मग हे सगळं थोतांडच म्हणायचं का?" तिने विचारलं.

तसं नाही. केंब्रिज विद्यापीठात 616 विद्यार्थ्यांवर अभ्यास झाला होता. त्यातल्या ज्यांना 8 आठवड्यांचा सजगतेचा, म्हणजे माइंडफुलनेस ध्यानाचा, वर्ग मिळाला, त्यांना परीक्षेच्या काळात इतरांपेक्षा कमी त्रास झाला. पण तो वर्ग होता, समोर शिकवणारं माणूस होतं. मुंग्या येतायत म्हणून हात वर करता येत होता. अ‍ॅपला ते कसं विचारणार? अ‍ॅपची सोयही मी नाकारत नाही. रात्री दोन वाजता मी उपलब्ध नसते, ते असतं. मात्र सलग दिवसांचा तो आकडा, माझं स्पष्ट मत आहे, ध्यानासाठी नसतो. तुम्ही अ‍ॅप सोडून जाऊ नये म्हणून असतो. आधीच मार्कांनी पिचलेल्या मुलीला आणखी एक मार्कशीट कशाला?

आम्ही तो आकडा आणि आठवणीच्या सूचना बंद केल्या. बसताना घड्याळ काढून ड्रॉवरमध्ये. 20 ची 3 मिनिटं केली. डोळे उघडे, नजर जमिनीवर, लक्ष तळपायांवर. मन कोरं व्हायलाच हवं हा हट्ट तिला सर्वांत जड गेला सोडायला. त्यातच दोन भेटी गेल्या. श्वासाचं एवढंच: 4 आकडे आत, 6 आकडे बाहेर, खांदे न उचलता. म्हणजे मिनिटाला साधारण 6 श्वास. श्वास सोडताना हृदयाची गती आपसूक थोडी मंदावते, म्हणून बाहेरचा लांब. आणि वेळ बदलली. घाबरल्यावर करायचं नाही, रोज अभ्यासाला बसण्याआधी करायचं. पोहणं बुडताना शिकत नाहीत.

परीक्षेनंतर आली. फोन हॉलच्या बाहेर ठेवावा लागला होता. पेपर हातात पडला आणि धडधड सुरू झालीच, म्हणाली.

"मग?"

"पाय टेकवले. सहा वेळा श्वास सोडला. धडधड काही गेली नाही मॅडम, पण पहिला प्रश्न येत नव्हता तर दुसऱ्यापासून सुरू केलं."