माग बंद पडले, आता चटणीचा धंदा करू का?

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये माझे टॉवेलचे माग होते. माल कधी परत आला नाही, पण बाहेरगावच्या दोन पार्ट्यांनी पेमेंट अडकवलं आणि धंदा बसला. बँकेशी तडजोड करून कर्ज मिटवलं. आता बायकोच्या हातची शेंगा चटणी आणि कडक भाकरी विकायचं म्हणतोय. वडील म्हणतात, नोकरी बघ. मुद्रा कर्ज मिळेल का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : ‘माल कधी परत आला नाही’ हे तुम्ही ओघात लिहून गेलात, मला मात्र तेच महत्त्वाचं वाटलं. तुमचं काम चोख होतं, घात उधारीने केला. वडिलांना हे असंच सांगा. चटणीचंही तेच होऊ शकतं. दुकानदार म्हणेल, ‘ठेवून जा, विकलं की पैसे देतो.’ टॉवेल गोदामात वर्षभर पडला तरी टॉवेलच राहतो. उखळात कुटलेल्या चटणीला तेल सुटतं, तीच तिची चव, पण बरणी पडून राहिली की तेच तेल खवट होतं आणि माल तुमच्या माथी येतो. म्हणून आधी रोखीचं गिऱ्हाईक धरा. पुण्या-मुंबईतल्या सोलापूरकरांना आगाऊ पैसे घेऊन कुरिअरने पाठवा. भाकरीला ज्वारी मंगळवेढ्याची मालदांडीच घ्या. खाद्यपदार्थ विकायला लागणारी एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी पहिल्या दिवसापासून हवी.

कर्जाची घाई नको. बँकेत कर्जाच्या टेबलावर माझी उमेदीची वर्षं गेली, म्हणून सांगतो. तडजोडीने मिटलेलं खातं सिबिलमध्ये, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदींच्या रिपोर्टमध्ये, ‘सेटल्ड’ दिसतं आणि ते पाहून मॅनेजर हात आखडता घेतो. वर्षातून एकदा रिपोर्ट फुकट मिळतो, तो काढा. राहिलेली रक्कम भरली तर खातं ‘क्लोज्ड’ दाखवाल का, असं बँकेला लेखी विचारा. मुद्राच्या ‘शिशु’ गटात ५० हजारांपर्यंत मिळतात, चटणीला सुरुवातीला तेवढेही लागणार नाहीत. धंदा बायकोच्या नावावर जरूर करा, चटणी तीच करते. पण नुसता तुमचा सिबिल झाकायला तिला पुढे करू नका.

आणि अडकलेल्या पैशांवर पाणी सोडू नका. माल देताना तुमची उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी) असेल, तर २००६ च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या, कायद्याप्रमाणे खरेदीदाराला फार तर ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. तक्रार एमएसएमई मंत्रालयाच्या ऑनलाइन पोर्टलवर करता येते. बिलं, चलनं, व्हॉट्सॲपवरचे निरोप एकत्र करा, आणि बिलं जुनी असतील तर दाव्याची मुदत उरली आहे का, हे आधी वकिलाला विचारून घ्या.