नाकाच्या ॲलर्जीला स्प्रेसोबत झिंक, सेलेनियम, मॅग्नेशियमच्या गोळ्या घेतल्या तर फरक पडतो का? किती दिवस घ्याव्यात?

स्प्रे चालू ठेवून वरून घेताय ना, मग ठीक आहे. स्प्रे बंद करून घेणार असाल तर पैसे पाण्यात. मी बी.फार्म आहे, मेडिकल चालवते, रोज काउंटरवर हेच ऐकते. पण आमच्या घरात औषधांतलं सगळं कळतं ते थोरल्या दिरांना, मला नाही.

झालं असं की आमच्या ह्यांना बारमाही सर्दी, सकाळी उठले की शिंकांवर शिंका, नाक चोंदलेलं, डोळे चोळून लाल. डॉक्टरांनी फ्लुटिकासोनचा स्प्रे दिला, छान चाललं होतं. तेवढ्यात भाऊजी कुठल्यातरी चेन मार्केटिंगात शिरले आणि आमच्या फ्रीजवर डबे दिसायला लागले. म्हणे स्प्रे म्हणजे स्टिरॉइड, हाडं पोकळ होतील, हे बघ नॅचरल मिनरल आहे. अहो, फ्लुटिकासोन नाकात मारल्यावर 2 टक्केसुद्धा रक्तात जात नाही, आणि तुमचं झिंक काय झाडाला लागतं का? पण धाकट्या सुनेचं कोण ऐकतंय.

ह्यांनी स्प्रे ठेवला कपाटात आणि सकाळी अनशापोटी चहासोबत कॅप्सूल सुरू. मळमळणारच, रिकाम्या पोटी झिंक घेतलं की मळमळतंच बऱ्याच जणांना. भाऊजी म्हणाले बॉडी डिटॉक्स होतेय!! गणपतीत मखर काढायला माळ्यावर चढले ते धुळीने असे बेजार होऊन उतरले की आरती मुलाने म्हटली. मग नाक मोकळं करायचे झायलोमेटाझोलिनचे ड्रॉप्स सुरू, तेही दुसऱ्या दुकानातून आणलेले, कारण मी देणार नाही हे माहीत होतं. ते ड्रॉप्स आठवड्याच्या वर ओढले की नाक उलट जास्तच चोंदतं, तसंच झालं. शेवटी पुन्हा स्प्रेच.

आणि खरा राग मला ह्याचा नाहीये. तोच डबा सासूबाईंना पण दिला होता, त्यात कॅल्शियम आणि आयर्न, आणि त्या ते थायरॉइडच्या गोळीसोबतच गिळायच्या. त्यामुळे गोळी नीट अंगी लागेना. टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा, चढलं, डॉक्टर डोस वाढवणार होते, मी डब्यावरचं लेबल दाखवलं आणि दोन्हींत 4 तासांचं अंतर ठेवायला लावलं. पुढच्या रिपोर्टला उतरलं. त्यावर भाऊजींचं म्हणणं, मिनरलचा इफेक्ट उशिरा येतो.

तुमचा प्रश्न राहिलाच. अंगात झिंक खरंच कमी असेल तर भरून काढण्यात अर्थ आहे, पण निव्वळ ॲलर्जीसाठी कुणी नाकाचा डॉक्टर आधी मिनरल लिहून देत नाही. मोठ्या माणसाला रोजचं झिंक, जेवणातलं धरून, 40 मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, आणि झिंक सल्फेट 220 ची एकच कॅप्सूल म्हणजे शुद्ध झिंक 50, तेव्हा लेबलवर 'एलिमेंटल' किती ते बघा. महिनोन्महिने जास्त घेतलं तर शरीरातलं तांबं कमी होतं, रक्त कमी होतं. सेलेनियम जास्त झालं की केस गळतात, नखं तुटतात. नाकात घालायचं झिंकचं जेल कुणी दिलं तर हात पण लावू नका, त्याने वास येणंच बंद झाल्याच्या तक्रारींवरून अमेरिकेच्या एफडीएने 2009 मध्ये इशारा दिला होता.

आणि स्प्रे मारताना मान किंचित खाली, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, स्प्रेचं तोंड नाकाच्या बाहेरच्या बाजूकडे. मधल्या पडद्यावर मारला की रक्त येतं आणि लोक म्हणतात स्प्रे वाईट. पूर्ण फरक दिसायला आठवडा-दोन आठवडे लागतात, दोन दिवसांत सोडू नका.

हां, किडनीचा त्रास असेल तर मॅग्नेशियम डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच, आणि पोटुशी असाल किंवा लहान मुलासाठी विचारत असाल तर वरचं काहीच स्वतःच्या मनाने करू नका.

भाऊजी, हे तुमच्यापर्यंत पोचलंच तर, आईंचे टीएसएचचे दोन्ही रिपोर्ट फॅमिली ग्रुपवर आहेत, तारखा बघून घ्या.