बाळ बारीक झालं ते माझ्यामुळे का?

तुझं पत्र दोनदा वाचलं गं. दिवस पूर्ण भरूनही बाळ २ किलो ३०० ग्रॅमचं झालं, आता सात महिन्यांचं आहे, आणि सासूबाई उठताबसता म्हणतात, "चहा-बिस्किटावर राहिलीस म्हणून पोर असं झालं." आणि तू विचारतेस की खरंच माझंच चुकलं का.

नाही. तूच लिहिलंयस की आठव्या महिन्यापर्यंत कांदा काढायला जात होतीस, विहिरीवरून हंडे तूच आणायचीस आणि सगळ्यांचं झाल्यावर उरेल ते खायचीस, मग एकटी तूच कशी दोषी?

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या टीमने १९९३ पासून पुण्याजवळच्या ६ गावांत हेच तपासलं. तिथे बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास होतं, ज्या बायकांना शेतातलं, पाणी वाहायचं काम जास्त त्यांची बाळं लहान आणि ज्यांच्या जेवणात पालेभाजी, फळं, दूध होतं त्यांची त्यामानाने मोठी. म्हणजे घरात हंडा कोण उचलतं आणि ताट कोणाला आधी वाढतात, त्याचाही हा हिशोब आहे. चहाचं एवढंच खरं की लोहाची गोळी चहासोबत घेतली तर नीट अंगी लागत नाही, पण ते तुला कोणी सांगायला तर हवं होतं ना!

आता महत्त्वाचं. त्याच अभ्यासात दिसलं की आपली बाळं हडकुळी दिसली तरी त्यांच्यात स्नायू कमी आणि चरबी त्यामानाने जास्त असते. म्हणून शेजारच्या बाळासारखं गुटगुटीत करायच्या नादात बिस्किटं, साखर घातलेलं दूध असलं काही भरवू नकोस, लहान जन्मलेलं मूल पुढे भराभर जाड झालं तर मोठेपणी डायबेटिसचा धोका वाढतो. अंगावरचं दूध २ वर्षांपर्यंत चालू ठेव आणि सोबत दिवसातून २-३ वेळा मुगाची मऊ खिचडी, चमच्यावरून ओघळणार नाही इतकी दाट, वर तूप, त्यात शिजवून कुस्करलेली पालेभाजी, खात असाल तर अंडं. लोहाच्या सिरपचं आशाताईंना विचार. चूल पेटलेली असताना बाळाला जवळ घेऊन बसू नकोस. आणि त्याच्याशी भरपूर बोल, या वयात मेंदू फार वेगाने वाढत असतो.

आणि तुझं ताट. बाळाला पाजणारी बाई सगळ्यात शेवटी जेवते हे मला खरंच सहन होत नाही. नवऱ्याला हे उत्तर वाचायला दे आणि उद्यापासून हंडा त्याला उचलू दे. दर महिन्याला अंगणवाडीत बाळाचं वजन कर, कार्डावरची रेघ वर जातेय ना बघ, आडवी झाली तर थांबू नकोस, सरळ डॉक्टरकडे जा.