वाचक विचारतात : बोटीच्या काठाची पट्टी

प्रश्न : काका, नमस्कार. दोन वर्षांपूर्वी आम्ही भावाभावांनी मुंबईकडून एक सेकंडहँड मोटारबोट आणली. फायबरची, १८ फुटी, वीसेक वर्षं जुनी. उजनीच्या बॅकवॉटरला फ्लेमिंगो बघायला येणाऱ्यांना फिरवतो. बोटीच्या काठाला सगळीकडून काळी पट्टी आहे, ती उन्हानं तडकलीय, पुढच्या टोकाला सुटून लोंबतेय. एका बाजूचे स्क्रू हातानं निघतात. मागच्या पावसाळ्यात आत दोन बादल्या पाणी साठलं होतं. गॅरेजवाला म्हणतो, सिलिकॉन मारून चिकटवून टाक. चुलते म्हणतात, ट्रकच्या मागं असतं तसलं जाड रबर ठोक. नवी पट्टी किती लागेल, आणि घरी जमेल का? — एक वाचक, टेंभुर्णी

उत्तर : जमेल. दोन माणसं पाहिजेत आणि घाई नको. मुहूर्तही चांगला आहे. धरण मायनसमध्ये गेलं, म्हणजे वापरायचा साठा संपला, की तुमची बोट नाही तरी चिखलात बसलेली असते, पक्षी गेलेले असतात, गिऱ्हाईक नसतं. मृग लागायच्या आत उरकून घ्या.

या पट्टीला रब रेल म्हणतात. दगडी काठाला किंवा शेजारच्या बोटीला घासताना मार तिनं खायचा, हे सगळ्यांना माहीत असतं. तिच्या मागं काय आहे ते बघायला कुणी जात नाही. फायबरची बोट दोन तुकड्यांत घडवतात, खालचा तळ आणि वरचा डेक. डब्यावर झाकण बसावं तसा डेक तळावर बसतो. ती सांध्याची रेघ झाकायला वरून ही पट्टी. आता तुमच्या दोन बादल्यांचा पत्ता लागला असेल. म्हणून म्हणतो, दुकानात जायच्या आधी जुनी पट्टी पूर्ण उतरवा.

आधी पट्टीच्या खाचेत दाबून बसवलेली मधली रबरी दोरी ओढून काढा, खाली स्क्रू नाहीतर रिव्हेट दिसतील. रिव्हेट छिन्नीनं तोडू नका, फायबरचा टवका जातो. डोक्यावर ड्रिल धरून डोकं उडवा, उरलेला खिळा आत ढकला. खाली ॲल्युमिनियमची पट्टी असेल आणि स्टीलच्या स्क्रूभोवती पांढरी भुकटी जमली असेल, तर बोट खाडीत फिरलेली आहे असं समजा. खाऱ्या पाण्यात स्टील आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटून राहिले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. ती भोकं मग नखानंसुद्धा मोठी होतात. तुमचे स्क्रू हातात येतात ते त्यामुळं, किंवा मागच्या मालकानं त्याच भोकात तीनदा स्क्रू फिरवले असतील त्यामुळं.

पट्टी निघाली की पाण्याची परीक्षा घ्या. आत सांध्याखाली वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवा, पुतण्याला टॉर्च देऊन आत बसवा आणि बाहेरून नळीनं हळूहळू पाणी सोडा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. कागद जिथं ओला होतो तिथं बाहेर खडूनं खूण करा. फटकन फवारा मारलात तर सगळंच ओलं होईल आणि काहीच कळणार नाही.

आता भोकं. सगळी मेहनत इथं आहे. प्रत्येक जुनं भोक ॲसिटोननं पुसा आणि घट्ट कालवलेल्या इपॉक्सीनं भरा. साधं पॉलिस्टर रेझिन स्वस्त पडतं, पण जुन्या वाळलेल्या फायबरला ते इपॉक्सीइतकं धरत नाही. एक सांभाळा, आपल्याकडच्या उन्हाळ्यात इपॉक्सी कपातच तापतं. अक्कलकोट रोडला माझं फायबरचं वर्कशॉप होतं, टाक्या, बंपर, वर्षाकाठी एखादी बोट. एकदा दुपारी दीड वाजता मी अर्धा मग कालवला आणि फोन घ्यायला गेलो. परत येईपर्यंत मगातून धूर निघत होता आणि कालवायची काडी सरळ उभी होती. पहाटे सहा ते नऊ काम करा, दोन चमच्यांच्या वर कालवू नका.

नवी भोकं जुन्यांच्या मध्ये पाडा, सहा-सहा इंचांवर. आधी मास्किंग टेप लावा आणि ड्रिल उलटं फिरवून वरचा चकचकीत थर कापा, मग सुलटं. नाहीतर भोकाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा येतात. स्क्रू किंवा रिव्हेट दीड सुतीचे, म्हणजे ३/१६ इंची, पुरेत. रिव्हेटची मधली तारही ॲल्युमिनियमची नाहीतर स्टेनलेसची बघून घ्या, लोखंडी तार गंजते आणि पांढऱ्या बोटीवर तांबडे ओघळ येतात. स्क्रू ३०४ स्टेनलेसचे असले तरी उजनीच्या गोड्या पाण्याला चालतील, बोट पुन्हा खाडीला जाणार असेल तर ३१६ घ्या. दुकानात खिशात चुंबक ठेवा. कच्चकन चिकटलं तर तो ३०४ किंवा ३१६ नव्हे. पुढच्या टोकाला आणि मागच्या दोन कोपऱ्यांना आतून हात पोचत असेल तर स्क्रूच्या जागी नटबोल्ट आणि मोठा वॉशर घाला. धक्का तिथंच बसतो.

गॅरेजवाल्याचं सिलिकॉन. आंबूस वास येतो ते बाथरूमचं सिलिकॉन बोटीच्या सांध्यात भरू नका. एकदा ते भरलं की त्या जागी नंतर रंग धरत नाही, दुसरा सीलंट धरत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नीट धरत नाही. बोटीसाठीचा पॉलियुरेथेन सीलंट मागा, सिकाफ्लेक्स २९१ किंवा त्या जातीचा. पण ‘कायमचा चिकटणारा’ म्हणून जो विकतात तो नको, दहा वर्षांनी ही पट्टी पुन्हा काढायची आहे. सांध्यात भरा, प्रत्येक भोकात भरा, स्क्रूच्या आट्यांना लावा. हा सीलंट हवेतला ओलावा घेऊन वाळतो, त्यामुळं गंमत अशी की मे महिन्यात सगळं तासाभरात सुकतं, हा मात्र रेंगाळतो. आठवडाभर बोट पाण्यात लोटू नका.

किती लागेल ते सुतळीनं मोजा. नायलॉनची दोरी ताणते, ती नको. तुमच्या मापाच्या बोटीला मागची बाजू धरून ४० ते ४५ फूट निघेल. त्यावर दोन-तीन फूट जास्तच मागवा. सोलापुरात चादर मागा, टॉवेल मागा, गल्लोगल्ली मिळेल. रब रेल मागितली की दुकानदार पडद्याचा पाइप काढून दाखवतो. मुंबईहून मागवावी लागते. जुन्या पट्टीचा चार बोटं तुकडा कापून बरोबर पाठवा. फोनवर वर्णन करून आलेली पट्टी कधीच बसत नाही.

चुलत्यांचं जाड रबर अगदीच चूक नाही. मोटारसायकली आणि माणसं पलीकडं नेणाऱ्या बोटीला मी तेच सुचवीन. पण ते जड, पुढच्या टोकाच्या वळणाला वाकत नाही आणि पांढऱ्या फायबरवर काळे डाग सोडतं. फोटो काढायला आलेल्या गिऱ्हाइकाला ते डाग आधी दिसतात.

बसवायला पुढच्या टोकाच्या मधोमध सुरुवात करा आणि दोन्हीकडं मागं सरकत जा. जोड मागच्या बाजूला येऊ द्या. वळणावर प्लॅस्टिक वाकत नाही म्हणून लोक हीट गन विकत घेतात. मे महिन्यात तुम्हाला हीट गन कशाला? गुंडाळी अर्धा तास पत्र्यावर टाका, शेवयासारखी मऊ होते. आणि इथंच मी फसलो होतो. पहिली बोट केली तेव्हा पट्टी तापून मऊ झालेली, पोरगा एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला, ओढून ओढून ताठ बसवली आणि कडेला बरोबर कापली. पोरगा म्हणाला, “काका, बसली की ओ झकास!” संक्रांतीला मालकाचा फोन. थंडीनं पट्टी आखडली होती, मागच्या टोकाला चार बोटं फायबर उघडं पडलं होतं. सगळी पट्टी नवी घ्यावी लागली, माझ्या खर्चानं. तेव्हा तापवा ती वाकवायला. ओढू नका, उलट बसवताना थोडी मागं रेटत बसवा. शेवटचे दीड-दोन फूट तसेच लोंबू द्या, दोन-तीन रात्री जाऊ द्या, मग कापा आणि टोकाला टोपण लावा.

प्रश्न : नवी पट्टी चकचकीत राहावी म्हणून पेट्रोल किंवा थिनरनं पुसली तर चालेल का? — एक वाचक, करमाळा

उत्तर : नाही. थिनरनं प्लॅस्टिक मऊ पडतं आणि मग धूळ कायमची धरून ठेवतं. साबणाचं पाणी आणि जुना टॉवेल. बोट उभी असते तेव्हा ताडपत्री पट्टीच्या खालपर्यंत येऊ द्या, पट्टी मरते ती उन्हानं.

प्रश्न : एवढा खर्च करण्यापेक्षा काठाला जुने टायर लटकवले तर? — एक वाचक, भीमानगर

उत्तर : लटकवा खुशाल, मीही लटकवले आहेत. मात्र गळणारा सांधा टायरनं बंद होत नाही, तो आधी भरा. टायरला जुन्या चादरीचं कव्हर शिवा, म्हणजे बोट काळी होणार नाही, आणि तळाला एक भोक पाडा, पाणी साठून डास होतात. दोरी मात्र डेकवरच्या खुंटीला बांधा. आमच्या एका गिऱ्हाइकानं पट्टीच्याच स्क्रूला बांधली होती. पहिल्याच धक्क्याला टायर गेला, आणि बरोबर सहा फूट पट्टीही.